सध्या काय वाचताय? वाचनखूण अजून मध्येच असलेल्या कादंबऱ्या आणि मांगा

आवडत्या पुस्तकांच्या याद्या आपण नेहमीच करतो. मला इथे वेगळं विचारायचंय. आत्ता, या आठवड्यात, तुमच्याकडे कोणती कादंबरी किंवा कोणता मांगा (जपानी चित्रकथा) उघडा आहे? वाचून संपलेलं नको, पुढे वाचायचं ठरवलेलंही नको. ज्याच्यात सध्या वाचनखूण आहे तेच सांगा. कुठवर आलात, कशापाशी अडलात, कोणत्या पानावर रेंगाळलात? पुस्तक संपलं की त्याबद्दल मत तयार होतं आणि मग आपण ते मतच सांगत राहतो. मधल्या पानांवर असताना माणूस अजून गोष्टीच्या आत असतो, आणि तेव्हाचं बोलणं मला फार मोलाचं वाटतं. शेवट तेवढा फोडू नका.

सुरुवात मी करते. माझ्याकडे सध्या दोन पुस्तकं शेजारी शेजारी उघडी आहेत: ताकेहिको इनोउए यांचा 'व्हॅगाबाँड' हा मांगा आणि तो जिच्यावर बेतलाय ती एइजी योशिकावा यांची 'मुसाशी' ही कादंबरी. कादंबरी 1935 ते 1939 या काळात जपानच्या 'आसाही शिम्बुन' दैनिकात क्रमशः आली, मांगा 1998 साली सुरू झाला. नायक एकच, तलवारबाज मियामोतो मुसाशी. सुरुवातही एकच: 1600 सालची सेकिगाहाराची लढाई संपलेली आणि प्रेतांमधून उठणारी दोन पोरं. तिथून पुढे मात्र वाटा फुटत जातात. सगळ्यात मोठा फरक मुसाशीचा प्रतिस्पर्धी ससाकी कोजिरो याच्यात आहे. कादंबरीतला कोजिरो छानछोकीचा, बोलण्यात पटाईत, आपलं कौशल्य चारचौघांत मिरवणारा. इनोउएंनी त्याला बहिरा केलाय. या एका बदलाने त्याच्या वाट्याची पानं पार निराळी झाली. पानामागून पान शब्दाविना जातं. समोरच्याचा खांदा, पाऊल, श्वास एवढंच दिसत राहतं, कारण कोजिरोला कळायचा मार्गच तो आहे. इनोउए पुढेपुढे टाकाऐवजी कुंचल्याने रेखाटायला लागले, तेही इथे फार शोभतं. केसांची एक बट काढताना शाई कुठे सुकत आली ते सुद्धा दिसतं.

सध्या मी मांगाच्या शेवटच्या खंडांतल्या शेतीच्या भागात आहे. मुसाशीने आयुष्यभर माणसं कापली, आणि आता तो इओरी नावाच्या अनाथ पोराबरोबर एका नापीक तुकड्यावर उभा आहे. जमीन हरत नाही, चिडत नाही, अंगावरही येत नाही. कादंबरीतही हा भाग आहे, पण योशिकावा तिथे इतका वेळ काढत नाहीत. इनोउए काढतात. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे बघत बसलेल्या मुसाशीची चित्रं आधीच्या कुठल्याही द्वंद्वापेक्षा मला जास्त धरून ठेवतायत. 37 खंड झाले आणि 2015पासून पुढचं प्रकरण आलेलं नाही, हे माहीत असल्यामुळे मी मुद्दाम सावकाश वाचतेय.

आता तुम्ही सांगा.

* * *

शेतीचा भाग म्हणालात म्हणून लगेच लिहायला बसलो, कारण मी वाचतोय त्या मांगातही हेच चाललंय. माकोटो युकिमुरा यांचा 'व्हिनलंड सागा'. अकराव्या शतकातले व्हायकिंग. थोरफिन हा पोरगा बापाच्या मारेकऱ्याचा सूड घ्यायचा म्हणून त्याच मारेकऱ्याच्या टोळीत राहून वाढतो. सुरुवातीचे खंड लढायांनी भरलेले आहेत आणि मी ते झपाटल्यासारखे वाचले. मग गोष्ट एकदम डेन्मार्कमधल्या एका शेतावर येते. थोरफिन आता गुलाम आहे. त्याला आणि एइनार नावाच्या दुसऱ्या गुलामाला जंगलाचा एक तुकडा दिलाय: झाडं पाडा, बुंधे उपटा, गहू पेरा, त्याच्या कमाईतून आपली सुटका विकत घ्या.

मला आधी वाचलेल्या मित्रांनी सांगितलं होतं की इथे गोष्ट रखडते, हे खंड भराभर उलटायचे. मला अजिबात पटलं नाही. बुंधे निघत नाहीत म्हणून दोघं घोडा मागत फिरतात. कोणी देत नाही. शेवटी मालकाचा म्हातारा बाप आपली कामं करून घेण्याच्या बोलीवर घोडा आणि नांगर देतो. एवढ्याशा गोष्टीला युकिमुरा पानंच्या पानं देतात आणि ती वाचताना माझे डोळे भरून आले. थोरफिन रोज रात्री ओरडत उठतो आणि स्वप्न काय होतं ते त्याला आठवत नाही, तेही याच भागात. आधीच्या लढाया आपण ज्या उत्साहाने वाचल्या, त्यांचा हिशेब लेखक इथे मांडतो. ही मालिका 2005 साली सुरू होऊन 2025 साली पूर्ण झाली, त्यामुळे तुमच्यासारखं पुरवून पुरवून वाचायची वेळ माझ्यावर नाही. तरी मीही सावकाशच चाललोय.

* * *

मी निवृत्त शिक्षिका. आयुष्यभर कादंबऱ्या वाचल्या. मांगा हा प्रकार नातीने हातात दिला आणि पुस्तक मागच्या बाजूने उघडायचं, चौकटी उजवीकडून डावीकडे वाचायच्या, हेही तिनेच शिकवलं. डोळ्यांना वळण लागेपर्यंत ती शेजारी बसून बोट फिरवत होती. आता तिला बसावं लागत नाही. "आजी, माझ्या पुढे जाऊ नकोस" म्हणून ती मलाच दटावते.

आम्ही 'फ्रिएरेन' वाचतोय. लेखन कानेहितो यामादा यांचं, चित्रं त्सुकासा आबे यांची, 2020पासून चालू आहे. राक्षसांच्या राजाला हरवून चौघे वीर घरी परततात, इथे गोष्ट सुरू होते. म्हणजे एरवी जिथे संपली असती तिथे. त्या चौघांत फ्रिएरेन ही हजार वर्षांहून जास्त जगलेली एल्फ, म्हणजे परीकथांतल्या दीर्घायुषी जमातीतली. सोबत्यांबरोबर काढलेली दहा वर्षं तिच्या लेखी चिमूटभर. आकाशातल्या उल्का बघताना ती सहज म्हणते, पन्नास वर्षांनी पुन्हा येतील तेव्हा याहून चांगली जागा दाखवते. आणि खरोखरच पन्नास वर्षांनी येते. तोवर हिम्मेल, त्यांचा नायक, टक्कल पडलेला वाकलेला म्हातारा झालेला असतो. हे सगळं पहिल्याच प्रकरणात आहे, त्यामुळे मी काही फोडलं असं समजू नका.

हिम्मेलच्या अंत्यविधीला ती रडते. इतकी वर्षं जवळ होता आणि मी त्याला जाणून घ्यायचा प्रयत्न केला नाही, असं म्हणून रडते. नात म्हणाली, किती सॅड आहे ना आजी. मला मात्र ते वाचताना बळ आलं, कारण त्यानंतर ती स्वस्थ बसत नाही, माणसं समजून घ्यायला निघते. माझ्या वयाला समवयस्क एकेक करून जात असतात. त्यांच्यापैकी काहींबद्दल मी आता त्यांच्या मुलांना विचारते: तुझी आई तरुणपणी कशी होती रे, काय गायची? हे या पुस्तकामुळे सुरू झालं. आम्ही पाचव्या खंडात आहोत. जादूगारांची परीक्षा चालू आहे. हा भाग नातीला फार आवडतो, मला जरा लांबलेला वाटतो. वाटेतल्या छोट्या गावांची, एकेका प्रकरणात संपणारी कथा मला जास्त भावते.

* * *

दस्तयेव्हस्की, 'द ब्रदर्स कारामाझोव्ह'. जे दचकून लांब राहिलेत त्यांच्यासाठी एकच सांगते: वाचनखुणेच्या कागदावरच नावं लिहून ठेवा. दिमित्री म्हणजेच मित्या, म्हणजेच मितेन्का. अलेक्सेई म्हणजेच अल्योशा. हे एकदा डोक्यात बसलं की पुस्तक पळायला लागतं. 1879-80मध्ये हे मासिकातून क्रमशः आलं होतं आणि प्रकरणांच्या शेवटी ते जाणवतं.

मी इव्हान आणि अल्योशा खानावळीत बोलत बसतात तिथे आहे. लहान मुलांच्या यातनांबद्दल इव्हान एकेक हकिकत सांगत जातो, आणि अशा किमतीवर मिळणारी विश्वाची सुसंवादिता मला नको, मी तिकीट परत करतो म्हणतो. दोन पानं वाचते आणि ठेवते. घाई करणार नाही.

* * *

नाओकी उरासावा यांचा 'मॉन्स्टर', 18 खंड, 1994 ते 2001. मी नर्स आहे. नाइट ड्युटी संपवून आल्यावर लगेच झोप येत नाही, तेव्हा वाचते. एका सहकारी सिस्टरने दिला, तोही "तुझ्याच्याने वाचवणार नाही, पण वाच" असं सांगून.

डॉ. केन्झो तेन्मा हा जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या रुग्णालयातला जपानी मेंदूशल्यविशारद. डोक्यात गोळी लागलेला मुलगा आधी आलाय, ऑपरेशनची तयारी झालीय, आणि वरून आदेश येतो की त्याला सोड आणि नगराध्यक्षांना घे. तेन्मा मुलालाच घेतो. पुढे तो मुलगा कोण निघतो यावर सगळी मालिका उभी आहे. सगळे जण त्या निर्णयाबद्दल बोलतात. मला मात्र त्याच्या थोडं आधीचं पान सोडवत नाही. काही दिवसांपूर्वी असंच वरून आलेल्या आदेशाने तेन्माने एका प्रसिद्ध गायकाचं ऑपरेशन केलेलं असतं, आणि त्याच्या आधी आलेला एक तुर्की मजूर दगावलेला असतो. त्या मजुराची बायको कॉरिडॉरमध्ये तेन्माला गाठते. आधी माझा नवरा आला होता, मग त्याला आधी का नाही घेतलं, एवढंच ती विचारते. कडेवर, हाताशी लेकरू. उरासावा तिचा चेहरा जवळून दाखवतात, मग तेन्माचा, आणि तेन्माकडे बोलायला काही नसतं.

नातेवाईकांच्या समोर असं उभं राहावं लागतं तेव्हा पाय कसे जड होतात ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना हे पान वेगळं दिसेल. आमच्याकडे कोणाला आधी घ्यायचं हे तब्येत बघून ठरतं, ट्राएजची शिस्त असते, आणि ती शिस्त माणूस बघून वाकवायची नाही हे माझं ठाम मत आहे. मांगा वाचून ते अजून ठाम झालं. आता नवव्या खंडात आहे. रहस्य म्हणून उत्तम आहेच, पण उरासावांची खरी कमाल किरकोळ पात्रांत आहे. दोन प्रकरणांपुरता आलेला माणूसही स्वतःचं अख्खं आयुष्य घेऊन येतो.

* * *

भरतकाम करणाऱ्या कोणी इथे असाल तर काओरु मोरी यांचा 'अ ब्राइड्स स्टोरी' बघाच. काळ एकोणिसाव्या शतकाचा, प्रदेश मध्य आशियाचा, कॅस्पियन समुद्राच्या आसपासचा. लग्न होऊन आलेली अमीर वीस वर्षांची, तिचा नवरा बारा वर्षांचा. हे वाचून दचकायला होतं आणि दचकायलाच हवं. तरी पुस्तक त्या दोघांकडे फार समजुतीने बघतं.

मी वाचायला म्हणून बसते आणि बघतच राहते. कपड्यावरचा प्रत्येक टाका काढलेला आहे. गालिच्याची किनार काढलेली आहे. पहिल्या खंडात घरातला एक लहान मुलगा म्हाताऱ्या सुताराचं लाकडावरचं कोरीवकाम बघत बसतो, आणि त्या प्रकरणात गोष्ट म्हणावी असं जवळजवळ काही घडत नाही. पटाशी लाकडात कशी जाते, नक्षी कशी उमटते, तो पोर कसा हरखतो, बस्स. मी स्वतः सुई धरते, त्यामुळे सांगू शकते की नक्षी पानभर एकसारखी काढायला काय लागतं. मोरींनी ती चौकटीमागून चौकट काढलीय.

सध्या परिया नावाच्या मुलीच्या भागात आहे. तिला भरतकाम जमत नाही, कंटाळा येतो. भाकऱ्यांवरची नक्षी मात्र ती अशी उठवते की बघत राहावं. आणि तिला लग्नासाठी ढीगभर कापड भरायचंय. तिच्या डोळ्यांसमोर तो ढीग आणि हातात सुई, ही चौकट बघून मी मोठ्याने हसले आणि मग तिच्याबरोबर एकेक टाका मोजायला लागले. तिचं कौतुक आजूबाजूच्या बायका कशा बेताने करतात, ते बघण्यासारखं आहे.

* * *

मी 'बर्सर्क' वाचतोय आणि लेखकाचं काय झालं ते माहीत असताना वाचतोय. केन्तारो मिउरा यांनी 1989 साली सुरू केलेला हा मांगा त्यांच्या हातून पूर्ण झाला नाही. 6 मे 2021ला, वयाच्या 54व्या वर्षी ते गेले. 2022 साली त्यांचे शाळेपासूनचे मित्र कोउजी मोरी यांच्या देखरेखीखाली त्यांच्याच स्टुडिओतल्या चित्रकारांनी पुढची प्रकरणं सुरू केली. मिउरांनी कित्येक वर्षांपूर्वी मोरींना सगळी गोष्ट शेवटापर्यंत सांगितली होती. मोरींनी तेव्हाच जाहीर केलं की मिउरा जे बोलले तेवढंच मी लिहीन, आपल्या मनाची भर घालणार नाही. मैत्रीतलं एवढं मोठं ओझं कोणी इतक्या सरळपणे उचललेलं मी वाचलेलं नाही.

मी 'सुवर्णयुग' नावाच्या भागात आहे. गट्स हा भाडोत्री सैनिक, ग्रिफिथच्या सैन्यात आलेला. एका रात्री उंचावरून तो छावणीतल्या शेकोट्यांकडे बघतो आणि कास्का या सैन्यातल्या सोबतिणीला म्हणतो की या एकेका ज्वाळेत एकेकाचं छोटं स्वप्न आहे, आणि ती सगळी माणसं आपापलं स्वप्न त्या एका मोठ्या आगीत घालायला आलीत. त्या पानावर मी थांबलो. मी स्वतः शाईने चित्रं काढतो. अंधार काळा भरून टाकणं सोपं असतं. मिउरा तो बारीक रेघांनी विणतात, त्यामुळे अंधारातही गवत, चिलखत, धूर वेगवेगळे कळतात. एकेका पानावर किती तास गेले असतील ते रेघा बघून समजतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो: यात हिंसा आणि लैंगिक अत्याचार फार आहेत. कोवळ्या मुलांच्या हाती हा देऊ नका, आणि मोठ्यांनीही आपली तयारी बघून घ्या.

* * *

वरच्या दादांची पोस्ट वाचून वाटलं की माझी एकदम हलकी आहे, पण असू दे. 'वन पीस'! बारावी संपली आणि मी पहिल्या खंडापासून सुरू केला. एइचिरो ओडा 1997पासून काढतायत, शंभराहून जास्त खंड झालेत आणि गोष्ट अजून चालूच आहे. सगळे घाबरवतात की एवढं कधी वाचणार. मला तर इतकं शिल्लक आहे याचाच आनंद होतो.

मी वॉटर सेव्हनला आहे. जहाज बांधणाऱ्यांचं शहर. नायक लुफीच्या चाच्यांच्या टोळीचं मेरी नावाचं जहाज दुरुस्त होऊ शकत नाही असं कारागीर सांगतात, आणि त्यावरून लुफी आणि त्याचा साथी उसोप्पचं भांडण होतं. इतके खंड हसतखेळत गेल्यावर हे भांडण येतं आणि दोघांचंही बरोबर वाटतं. एका लाकडी जहाजासाठी मी असा रडेन असं वाटलं नव्हतं.

नव्यांसाठी टीप: प्रकरणांची पहिली पानं ओलांडून जाऊ नका. हरलेल्या शत्रूंचं पुढे काय झालं याच्या छोट्या गोष्टी ओडा तिथे चित्रांतून सांगत राहतात आणि त्या पुढे मुख्य कथेत येऊन मिळतात. खंडांत मध्येमध्ये वाचकांच्या प्रश्नांना ओडांनी दिलेली उत्तरं असतात, तीही वाचा.

* * *

क्रमशः छपाईचा विषय दोनतीनदा आला म्हणून माझी कादंबरी: अलेक्झांडर दुमा, 'द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो'. 1844 ते 1846 पॅरिसच्या एका दैनिकातून आली. आज साप्ताहिकांतून मांगा येतो त्याच जातीचं हे काम. हप्ता संपताना दार उघडलं पाहिजे, पत्र हाती आलं पाहिजे, ओळखीचा आवाज ऐकू आला पाहिजे. माझा मुलगा साप्ताहिक मांगा वाचतो, आणि आम्ही दोघांनी एकदा शेजारी बसून प्रकरणांचे शेवट ताडून पाहिले. युक्त्या त्याच.

एदमों दांतेस निरपराध असताना चौदा वर्षं समुद्रातल्या किल्ल्यात कैदेत राहतो. तिथे भुयार खणता खणता त्याच्या कोठडीत येऊन पोचतो तो आबे (म्हणजे पाद्री) फारिया, आणि त्याला भाषा, गणित, इतिहास सगळं शिकवतो. माझ्या मते हा कादंबरीचा सर्वात सुंदर भाग. दोन कैदी, पुस्तक नाही, कागद नाही, आणि शिकणं चालू. कोणी आपला घात केला हे सुद्धा दांतेसला फारियाच प्रश्न विचारून विचारून उलगडून देतो. आणि नंतर त्याला वाईट वाटतं की मी तुझ्या मनात सूडाचं बी पेरलं.

मी आता पॅरिसमधल्या मधल्या लांबलचक भागात आहे. मेजवान्या, नाटकगृहं, कर्जरोखे, लग्नं जुळवणं. संक्षिप्त आवृत्त्यांत हेच कापतात. कापू नये असं माझं म्हणणं आहे. सूड घेणारा माणूस शत्रूंच्या घरात पाहुणा म्हणून शांतपणे वावरतोय, आणि वाचकाला तेवढाच वेळ वाट पाहावी लागली पाहिजे.

* * *

मी दोन पुस्तकं आलटून पालटून वाचतेय, आणि योग ठरवून आणलेला नाही, तसा आला. एक केइजी नाकाझावा यांचा 'बेअरफूट गेन', दुसरं विश्राम बेडेकरांचं 'रणांगण'.

नाकाझावा सहा वर्षांचे होते तेव्हा हिरोशिमावर अणुबाँब पडला. शाळेच्या फाटकाजवळच्या काँक्रीटच्या भिंतीआड असल्यामुळे ते वाचले. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ घराखाली सापडले. आईने त्याच दिवशी एका मुलीला जन्म दिला. 1973पासून त्यांनी हे सगळं गेन नावाच्या मुलाची गोष्ट म्हणून काढलं. पहिल्या खंडाचा बराच भाग बाँबच्या आधीचा आहे: भूक, गव्हाचं शेत, युद्धाला विरोध करतो म्हणून शेजाऱ्यांनी वाळीत टाकलेला बाप, दंगेखोर भाऊ. चित्रं साधी, मुलांच्या मासिकात असतात तशी. म्हणूनच पुढची पानं सोसत नाहीत. गेन घराची तुळई उचलायचा प्रयत्न करतो तिथे मी पुस्तक मिटलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच सुरुवात केली.

'रणांगण' 1939चं. युद्ध पेटायच्या उंबरठ्यावर युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू, आणि त्यांच्यातली हॅर्टा. चक्रधर विध्वंस तिच्या प्रेमात पडतो ते बोटीवरच्या मोजक्या दिवसांत. कादंबरी छोटी, वाक्यं तुटक, आणि आजही जराही जुनी न झालेली. बोटीवर प्रेम, चेष्टामस्करी, पत्ते, खाणंपिणं चाललंय, आणि यांना कुठलाच देश उतरून घ्यायला तयार नाही ही गोष्ट त्या सगळ्याच्या खाली सतत जाणवत राहते. एकीकडे युद्धाच्या आधीचे प्रवासी, दुसरीकडे युद्धाचा शेवट ज्याच्या डोक्यावर पडला तो मुलगा. 'रणांगण'ची मोजकी पानं उरलीत. शेवट ऐकून माहीत आहे, तरी छाती होत नाहीये.

* * *

ओसामु तेझुका, 'बुद्ध'. 1972 ते 1983. चरित्र म्हणून उघडलं तर गोंधळ होईल, कारण सिद्धार्थ दिसायलाच बराच वेळ लागतो. आधी भेटतात चाप्रा हा गुलाम पोरगा आणि प्राण्यांच्या मनात शिरू शकणारा तत्ता. ही दोन्ही पात्रं तेझुकांची स्वतःची. सुरुवातीलाच भुकेल्या पाहुण्यासाठी आगीत उडी घेणाऱ्या सशाची जातककथा येते, शब्दांशिवाय, बर्फात. ती पानं अप्रतिम आहेत. मध्येच आधुनिक काळातले विनोद घुसतात ते मला रुचत नाहीत, पण तेझुकांना गांभीर्य आणि खोडकरपणा एकाच पानावर लागतात, ते स्वीकारून वाचतोय. तिसरा खंड.

* * *

माझ्या धाकट्या भावाला ऐकू येत नाही. घरात आम्ही सगळे खुणांची भाषा बोलतो. योशितोकी ओइमा यांचा 'अ सायलेंट व्हॉइस' त्यानेच आधी वाचला आणि मला दिला. सातच खंड आहेत, 2013-14मधले. मी तिसऱ्यात आहे.

शोया ईशिदा हा शाळेत शोको निशिमिया या बहिऱ्या मुलीला छळतो, तिची श्रवणयंत्रं मोडतो. पुढे तोच एकटा पडतो. कोणाच्या डोळ्याला डोळा देता येत नाही, आणि त्याला दिसणाऱ्या प्रत्येक चेहऱ्यावर ओइमा एक मोठी फुली काढतात. कोणी खरंच जवळ आलं की ती फुली गळून पडते. शब्दांत सांगायला चार पानं लागली असती.

पण माझ्या भावाने मला दाखवलं ते वेगळंच. हात. खुणा करतानाचे हात नीट काढलेत, बोटं कुठून कुठे गेली ते कळतं. काही ठिकाणी खुणांचा अर्थ लिहून दिलेला नाही, वाचकाने ओळखायचा. इतर वाचक तिथे शोयासारखे चाचपडतात. भाऊ म्हणाला, जपानी खुणा आपल्यापेक्षा वेगळ्या आहेत, पण तिचा चेहरा मला वाचता येतो. तो चेहऱ्यांवरून जे सांगत गेला त्यातलं निम्मं माझ्या नजरेतून निसटलं असतं. शोकोला पुस्तकाने फार सोशिक केलंय अशी त्याची तक्रार आहे, ती मलाही पटते. मी असते तर चिडले असते, तो म्हणाला की तोही चिडला असता. पुढच्या खंडांत तिचा राग दिसतो का ते बघायचंय.

* * *

लहान बाळ आहे, सलग अर्धा तास मिळत नाही. कियोहिको अझुमा यांचा 'योत्सुबा' वाचतेय. पाच वर्षांची मुलगी, तिला सांभाळणारा बाबा, शेजारच्या तिघी बहिणी. एक प्रकरण म्हणजे साधारण एक दिवस. झोके, पाऊस, सिकाडा नावाचे किडे पकडणं. कुठेही थांबता येतं, कुठूनही धरता येतं. ज्यांचे दिवस सध्या तुकड्यातुकड्यांचे आहेत त्यांनी जरूर घ्यावा. आमच्या घरात आता पाऊस आला की खिडकीशी जाऊन आधी त्याला नमस्कार होतो.

* * *

सगळं वाचून काढलं. मी या आठवड्यात जॉर्ज एलियट यांची 'मिडलमार्च' उघडलीय. 1871-72मध्ये ती आठ भागांत प्रसिद्ध झाली होती, आणि मीही ती तशीच, एकेक भाग करून वाचायची ठरवलीय. डोरोथियाने सगळ्यांचा सल्ला बाजूला सारून आपल्याहून कितीतरी मोठ्या कॅसॉबन यांच्याशी लग्न ठरवलंय. तिला विद्वान माणसाच्या कामात हातभार लावायचाय, काहीतरी मोठं करायचंय. लेखिका तिची चूक दाखवते पण तिच्या इच्छेची टिंगल कुठेही करत नाही, म्हणून मला पुढे वाचायचंय. वाक्यं लांब आहेत. संध्याकाळी थकल्यावर नाही जमत. सकाळी, डोकं ताजं असताना जमतं. पहिला भाग संपत आलाय. दुसरा रविवारी सुरू करतेय. कोणाला सोबत वाचायची असेल तर सांगा, मी दोन दिवस थांबते.